मुलाला हर्लिंगला पाठवू का? किलकेनीतल्या एका नाशिककर बाबांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं एक कुटुंब 8 महिन्यांपूर्वी आयर्लंडला, किलकेनी शहराबाहेरच्या एका गावात राहायला आलं. मुलगा 9 वर्षांचा, नाशिकला 2 वर्षं क्रिकेटच्या अकॅडमीत जात होता. शाळेतून हर्लिंगची, म्हणजे काठी-चेंडूच्या इथल्या जुन्या मैदानी खेळाची, चिठ्ठी घरी आली आणि तो हट्टाला पेटला. आईनं टीव्हीवर एक सामना पाहिला आणि ती घाबरून गेली. मैदानात 30 माणसं, प्रत्येकाच्या हातात लाकूड, चेंडू डोक्यांवरून गोळीसारखा जातोय. बाबांची काळजी वेगळी आहे. या खेळात पैसा नाही, आयर्लंडबाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नाही, मग मुलाची वर्षं त्यात का घालवायची? त्यापेक्षा पाऊण तासावरच्या क्रिकेट क्लबात न्यावं का? शेवटी त्यांनी एकच ओळ लिहिली आहे: "आपल्या मुलाला ही माणसं आपलं मानतील का?"

मी मूळची कोल्हापूरची. 19 वर्षांपूर्वी तुमच्या शेजारच्या टिपरेरी जिल्ह्यात आले. पेशानं फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली 11 वर्षं आमच्या गावच्या क्लबात 8 ते 12 वर्षांच्या मुलांना हर्लिंग शिकवते. माझी दोन्ही मुलं त्याच मैदानावर वाढली. त्यामुळे दुखापती मी दवाखान्यातही पाहते आणि मैदानावरही. तुम्ही किलकेनीचे, मी टिपरेरीची, म्हणजे इथल्या हिशेबानं आपण समोरासमोरच्या बाजूंचे. तरी हे उत्तर मी माझ्या भावाला दिलं असतं तसंच देते आहे.

धोका, पैसा आणि आपलेपणा असे 3 प्रश्न तुम्ही विचारलेत. मला वाटतं, खरा प्रश्न तिसरा आहे आणि तो तुम्ही शेवटी, जरा संकोचानं विचारला आहे. धोका शिकवण्यानं कमी होतो. पैशाचं माप या खेळाला लागतच नाही. उरतो आपलेपणा, आणि हर्लिंगचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. म्हणून सुरुवात तिथून करते.

थर्ल्स या टिपरेरीतल्या गावी हेझ हॉटेलात 1 नोव्हेंबर 1884 रोजी मायकेल क्युसॅक आणि त्याच्या सोबत्यांनी एक संघटना काढली. तीच आजची जीएए, म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. तिनं संघाचा पाया धरला तो पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचं गाव आणि वाड्या. खेड्यात क्लब आपण निवडायचा नसतो, आपण जिथे राहतो तो क्लब आपला. डब्लिनसारख्या शहरात थोडी निवड असते, पण तुमच्या गावात बहुधा नसेल. मुलगा आज ज्यांच्याबरोबर शाळेच्या बाकावर बसतो, त्यांच्याबरोबरच तो 30 व्या वर्षीही खेळत असेल. चांगला निघाला तर जिल्ह्यासाठी, इथल्या भाषेत काउंटीसाठी, खेळेल. पण काउंटीचा मोसम जुलैत संपला की तो परत गावच्याच मैदानावर येणार. मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूलाही दुसरी काउंटी पैसे देऊन उचलून नेत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉलचा सामना असला की आमच्या घरी त्या दिवशी दुसरा विषय नसायचा. कुठली पेठ, कुठली तालीम, यावरून माणूस ओळखला जायचा. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी रस्त्याकडेच्या खांबांवर पताका पाहिल्या, शेतातल्या गवताच्या गठ्ठ्यांवर रंगानं लिहिलेली खेळाडूंची नावं पाहिली, आणि मला वाटलं, अरे, हे तर मी ओळखते.

आता पैशाबद्दल. हर्लिंगमध्ये कोणालाही खेळण्याचा पगार नाही. प्रवासखर्च मिळतो, काउंटीच्या खेळाडूंना सरकारकडून थोडं अनुदान मिळतं, बस. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये रविवारी 82 हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस त्यानंतर परत वर्गावर असतो, गोठ्यात असतो, नाहीतर बँकेत असतो. तुमच्या किलकेनीचंच उदाहरण घ्या. ब्रायन कोडी यांनी 1998 च्या अखेरीपासून 2022 पर्यंत संघ सांभाळला आणि 11 वेळा ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली सगळ्यांत मोठी स्पर्धा, जिंकून दिलं. ते पेशानं प्राथमिक शाळेतले शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. बॅलीहेल या लहानशा गावच्या हेन्री शेफलिननं मैदानावर 10 ऑल-आयर्लंड पदकं मिळवली. तो कोट्यधीश झाला नाही, पण बॅलीहेलच्या पोरांना त्याला भेटायला टीव्ही लावावा लागत नव्हता, तो गावच्या मैदानावरच सरावाला यायचा. करिअर म्हणून पाहिलंत तर यात काहीच नाही. पण मुलाला 9 व्या वर्षापासून उत्तम खेळणारी, नोकरी करणारी, घर चालवणारी माणसं 10 फुटांवरून पाहायला मिळतात. याची किंमत मला माझ्या मुलांच्या वागण्यात दिसली, म्हणून ती मी मोठी मानते.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण ती तुम्हाला कोणी सांगणार नाही. काउंटीच्या पातळीवर हा खेळ विशीतल्या पोरांचा फार वेळ खातो. आठवड्यात 3-4 दिवस सराव, खाणंपिणं, झोप, सगळं बांधलेलं. मित्रांबरोबर सुट्टीला जाता येत नाही, परदेशातली नोकरी लांबणीवर पडते. काही पोरं 17-18 व्या वर्षी सोडतात आणि त्यात काही चूक नाही. पण ती पुढची गोष्ट. 9 वर्षांच्या मुलासाठी इथे 'गो गेम्स' नावाची पद्धत आहे. 12 वर्षांपर्यंत लहान संघ, लहान मैदान, चषकामागे धावणं नाही, आणि बाकावर कोणाला बसवायचं नाही, सगळ्यांनी खेळायचं.

वहिनींची भीती मला नीट समजते. माझीही तीच होती, आणि तिच्यापायी मी माझ्या मुलाचं नुकसान करून बसले. तो 10 वर्षांचा असताना समोरच्या मुलानं फटक्यासाठी काठी उचलली, आणि मी बाहेरून मराठीत ओरडले, "लांब हो!" त्यानं ऐकलं. एक पाऊल मागे घेतलं आणि फटका अडवायला हात पुढे धरला. करंगळीशेजारचं बोट मोडलं. त्याच्या प्रशिक्षकांनी मला नंतर शांतपणे जे समजावलं ते मी आज प्रत्येक नव्या आईबापांना सांगते. काठी फिरते तेव्हा सगळ्यात जास्त वेग तिच्या टोकाला असतो. मारणाऱ्याच्या हातांजवळ तो त्या मानानं फार कमी असतो. जो खांद्याला खांदा लावून आत शिरतो त्याला लागत नाही, कारण समोरच्याला काठी फिरवायला जागाच उरत नाही. जो हातभर अंतरावर थबकतो त्याला लागतं. म्हणून हर्लिंगमधला बचाव शिकवताना आम्ही पहिल्या महिन्यात एकच घोकून घेतो: जवळ जा, पाय आत टाक, काठी काठीला भिडव. समोरून आत शिरून अडवणं याला 'ब्लॉक' म्हणतात. मागून काठी लांबवून समोरच्याचा फटका अडकवणं याला 'हुक'. ही दोन्ही कौशल्यं नीट आलेला मुलगा मैदानावर सुरक्षित असतो. बुजलेला मुलगा नसतो. वहिनींना एवढंच सांगा की कडेला उभ्या राहिल्यात तर गप्प राहा, माझ्यासारखं करू नका.

बाकी तपशील. हेल्मेट 2010 पासून सगळ्यांनाच, मोठ्यांनाही, सक्तीचं आहे. मुलांना तर त्याआधीच झालं होतं. हेल्मेटवर आय.एस. 355 हे प्रमाण लिहिलेलं असावं. तोंडावरच्या जाळीची एकही सळी वाकवू किंवा कापू नका. मोठी मुलं नीट दिसावं म्हणून तसं करतात आणि मग काठीचं टोक आत शिरतं. तडा गेलेलं जुनं हेल्मेट कोणी प्रेमानं दिलं तरी घेऊ नका. चेंडूला स्लिटर म्हणतात. मोठ्यांचा स्लिटर 110 ते 120 ग्रॅमचा, वर चामडं आणि उठावाची शिवण. क्रिकेटमधला मोठ्यांचा सीझन बॉल 156 ग्रॅमच्या आसपास असतो, हे लक्षात घ्या. शिवाय लहान मुलांना तो मोठ्यांचा स्लिटर देतच नाहीत. 'क्विक टच', 'फर्स्ट टच' असे मऊ चेंडू असतात. माझ्या दवाखान्यात हर्लिंगमुळे येणाऱ्यांत पहिला नंबर बोटांचा, मग मांडीच्या मागच्या स्नायूचा, मग घोट्याचा. बोटांसाठी हातमोजा मिळतो, मुलं तो घालायला कंटाळतात, तुम्ही आग्रह धरा. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. सायकल चालवणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या मुलाला जेवढं समजून सोडतो, तेवढं समजून इथेही सोडावं लागतं.

क्रिकेटमधून आलेल्या मुलाची एक खास अडचण असते, ती आधीच सांगून ठेवते. उजव्या हाताचा फलंदाज बॅट धरताना डावा हात वर ठेवतो. हर्लिंगमध्ये उलटं, जोरकस हात वर, म्हणजे काठीच्या अगदी शेंड्याला. कारण बहुतेक वेळ काठी त्या एकाच हातात असते आणि दुसरा हात चेंडू झेलायला मोकळा ठेवायचा असतो. चेंडू जमिनीवरून हातानं उचलता येत नाही, काठीनंच उचलावा लागतो. हातात धरून 4 पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही, मग तो काठीच्या पात्यावर तोलत पळावं लागतं. हे सगळं एका हाताचं काम आहे. क्रिकेटची पकड घेऊन आलेलं मूल पहिल्या दिवशी उभ्या चेंडूला इतका सुंदर फटका मारतं की सगळे थक्क होतात, आणि धावता धावता मात्र त्याला काहीच जमत नाही. माझ्याकडे भारतातली, पाकिस्तानातली अशी 7-8 मुलं आली. ज्यांची पकड पहिल्या महिन्यात बदलली ती पुढे गेली. ज्यांच्या आईबापांनी "राहू दे, फटका चांगला बसतोय ना" म्हटलं, ती 2 वर्षांनी अडली. त्याला चिडवू नका, घाईही करू नका. अंगणात भिंत असेल तर रोज 10 मिनिटं भिंतीवर चेंडू मारू द्या. इथली सगळी पोरं भिंतीवरच शिकली आहेत.

मग क्रिकेट सोडायचं का? मुळीच नाही. 12 वर्षांपर्यंत दोन्ही खेळू द्या. पण दोन्हींचा मोसम उन्हाळ्यात एकमेकांवर येतो आणि पाऊण तासाची गाडी आठवड्यातून 2-3 वेळा तुम्हाला जमणार आहे का, हे तुमच्या नोकरीवर आणि घरातल्या दुसऱ्या मुलावर अवलंबून आहे. ते मी ठरवू शकत नाही. एक गोष्ट मात्र सांगते, म्हणजे गावातल्या एखाद्या आजोबांनी क्रिकेटचं नाव काढल्यावर तोंड वाकडं केलं तर मनाला लावून घेणार नाही. 19 व्या शतकाच्या अखेरीस किलकेनीत गावोगावी क्रिकेटचे संघ होते. पुढे जीएएनं 'परकीय' खेळांवर बंदी घातली. क्रिकेट, फुटबॉल, रग्बी, हॉकी खेळणाऱ्याला, अगदी पाहायला जाणाऱ्यालाही, संघटनेत जागा नव्हती. देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलच्या एका आंतरराष्ट्रीय सामन्याला गेले, तर 1938 मध्ये त्यांनाही आश्रयदाते पदावरून काढलं. ही बंदी 1971 पर्यंत होती. इंग्रजांच्या राज्यात स्वतःचं काहीतरी जपायच्या धडपडीतून ती आली होती. आणि हा धागा त्याहून जुना आहे. 1366 साली इंग्रज सत्तेनं किलकेनीतच केलेल्या कायद्यांत हर्लिंग खेळायला मनाई होती. एवढ्या मनाया पचवून टिकलेला खेळ लोक नुसता खेळत नाहीत, जपतात. 2018 साली युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत हर्लिंगचं नाव घातलं, तेव्हा आमच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर विशेष काही दिसलं नाही. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

चाहत्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाला तिथे पाठवणार असाल तर ते माणूसपण समजून घ्या. इथे दोन्ही बाजूंचे लोक मिसळून बसतात. मधे जाळी नाही, पोलिसांची रांग नाही. 2025 च्या जुलैमध्ये टिपरेरी आणि कॉर्कचा अंतिम सामना होता. माझं तिकीट क्लबातून आलं होतं. अंतिम सामन्याची तिकिटं काउंटीकडून क्लबांना वाटली जातात, खुल्या विक्रीत ती हाती लागणं कठीण. शेजारी कॉर्कचे एक गृहस्थ, साधारण सत्तरीचे, नातीला घेऊन आलेले. कॉर्कनं 2005 नंतर चषक पाहिला नव्हता. मध्यंतराला कॉर्क 6 गुणांनी पुढे होतं, ती चिमुरडी नाचत होती, आणि आजोबांनी मला डब्यातलं सँडविच दिलं. दुसऱ्या अर्ध्यात कॉर्कला फक्त 2 गुण मिळाले. टिपरेरीनं 3-27 विरुद्ध 1-18 असा सामना जिंकला. (पहिला आकडा गोलांचा, एक गोल म्हणजे 3 गुण, दुसरा आकडा गोलाच्या आडव्या दांड्यावरून मारलेल्या एकेका गुणाचा. म्हणजे 36 विरुद्ध 21.) शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी रडत होते आणि तेही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, अभिनंदन केलं, नातीलाही करायला लावलं, आणि मग गेले. एवढा मोठा पराभव कसा झेलायचा हे त्या मुलीनं त्या दिवशी पाहिलं. क्लेअरच्या लोकांनी तर 1914 नंतर थेट 1995 साली चषक पाहिला. 81 वर्षं. मधल्या एका अख्ख्या पिढीनं जिंकलेलं पाहिलंच नाही आणि तरी ती दर उन्हाळ्यात मैदानावर जात राहिली.

जिंकलेला संघ दुसऱ्या दिवशी सकाळी चषक घेऊन डब्लिनच्या क्रम्लिनमधल्या मुलांच्या रुग्णालयात जातो, मगच घरी. पुढचे कित्येक महिने तो चषक काउंटीतल्या शाळाशाळांतून फिरतो, पोरं त्यात डोकावतात, त्यात बाळं बसवून फोटो काढतात. किलकेनीनं तो 36 वेळा आणला आहे, सगळ्यांत जास्त, पण 2015 नंतर नाही. तुमच्या मुलाच्या वयाच्या पोरांनी तो घरी आलेला पाहिलेलाच नाही. तुमच्या गावात सध्या किती आस लागून राहिली असेल, याचा अंदाज यावरून करा.

आता तुमची ती शेवटची ओळ. शॉन ओग ओ हालपिन याचं नाव मुलाला सांगा. जन्म फिजीतल्या रोटुमा बेटावरचा, आई तिथली, वडील आयर्लंडमधल्या फर्मानाचे. शाळकरी वयात तो कॉर्कला आला, आणि 2005 साली कॉर्कचा कर्णधार म्हणून त्यानं चषक उचलला तेव्हा भाषण केलं ते आयरिश भाषेत. वेक्सफर्ड काउंटीचा हर्लिंग खेळाडू ली चिन, त्याचे वडील मलेशियातले. झॅक मोरादी इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, कुर्दी घरातला, 2002 मध्ये लीट्रिमला आला आणि 2019 साली लीट्रिमच्या हर्लिंग संघातून त्यानं लॉरी मेहर चषक, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या काउंट्यांचा चषक, जिंकला. तिघांनाही मार्ग सापडला तो अशाच स्थानिक क्लबांतून.

पण सगळं गोड आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. ली चिन वर्णद्वेषी शेरेबाजीबद्दल उघडपणे बोलला आहे. माझ्या मुलीलाही 13 व्या वर्षी समोरच्या बाजूच्या एका प्रेक्षकानं रंगावरून एक शब्द वापरला. मी काही बोलायच्या आत आमच्या संघातल्या मुली मैदानातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पंचांनी खेळ थांबवला, तक्रार लिहिली गेली, आणि त्या क्लबनं घरी येऊन माफी मागितली. प्रत्येक ठिकाणी असंच होईल याची हमी मी देऊ शकत नाही, क्लब माणसांनी बनतो आणि माणसं सारखी नसतात. तसं काही झालं तर गप्प बसू नका, त्याच दिवशी क्लबच्या बाल-अधिकाऱ्याला लेखी कळवा. प्रत्येक क्लबात असा एक माणूस नेमलेला असतो.

आणि आपलं मानणं दोन्हीकडून होतं. पहिला अख्खा मोसम मी मुलाला सोडून गाडीत बसून राहायचे. भाषेची लाज, थंडी, आणि आपल्याला काय कळतंय ही भावना. मला वाटायचं, कोणी बोलवत नाही. त्यांना वाटायचं, हिला एकटं राहायचं आहे. दुसऱ्या वर्षी एका बाईनं खिडकीवर टकटक करून रंगीत प्लास्टिकच्या कोनांची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, हे तेवढे मांडतेस का, आज माणूस कमी आहे. तिथून मी आजवर आहे. इथला सगळा कारभार अशाच कामांवर चालतो. कोणी रेषा आखतं, कोणी फाटकावर पैसे घेतं, कोणी दर आठवड्याच्या क्लब-लॉटरीची तिकिटं खपवतं, कोणी सामन्यानंतरचा चहा करतं. गणपतीत मंडळाची वर्गणी आणि मांडवातली कामं जशी वाटून घेतो, तसंच. बाबा, तुम्ही काम मागा. शिकवायला जायचं असेल तर पोलिसांकडून पडताळणी होते आणि एक छोटा अभ्यासक्रम करावा लागतो. चहाच्या टेबलामागे उभं राहायला काहीच लागत नाही.

थोडक्यात परत सांगते, म्हणजे घरी बोलायला सोपं जाईल. भीती रास्त आहे, पण नीट हेल्मेट आणि जवळ जाऊन खेळायची शिकवण असेल तर ती आटोक्यात राहते. पैसा नाही, हे खरं आहे, आणि तो मिळेल अशा आशेनं पाठवू नका. क्रिकेट चालू ठेवता आलं तर ठेवा. क्लबात मुलाबरोबर तुम्हीही जाणार असाल तर जरूर पाठवा. नुसतं सोडून येणार असाल तर त्याला खेळ येईल, पण तुमचा तिसरा प्रश्न तसाच राहील.

तुमची धाकटी 5 वर्षांची आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. तिलाही न्या. लहान गटात मुलंमुली बहुधा एकत्रच शिकतात. पुढे मुलींचा खेळ कमोगी या नावानं वेगळा होतो, त्याची संघटना 1904 पासून आहे. माझ्या मुलीच्या वेळी स्कर्टसारखा पोशाख सक्तीचा होता आणि ती त्याला वैतागायची. 2025 च्या मे महिन्यात खेळाडूंनी लढून तो नियम बदलून घेतला, आता हवी तर शॉर्ट्स घालता येते.

आता पहिल्या काठीबद्दल, कारण तुम्ही ती दुकानातून आणाल आणि चुकीची आणाल. काठीला हर्ली म्हणतात. मूल सरळ उभं करा, हात खाली सोडू द्या, काठी जमिनीवर टेकवा, वरचं टोक मनगटाच्या हाडाशी यावं. 9 वर्षांच्या मुलाला साधारण 26 ते 28 इंच. मोठी घेऊ नका, "वाढत्या अंगाची" हा आपला हिशेब कपड्यांना ठीक आहे, काठीला नाही. लांब काठीनं मनगट दुखतं आणि पकड बिघडते. पहिला महिना क्लबकडून उसनी मिळेल, हेल्मेटही बहुधा मिळेल. त्यानंतर जवळच्या हर्ली बनवणाऱ्याकडे मुलाला घेऊन जा. किलकेनीत अशी माणसं सापडतील. हर्ली बनते ती ॲश नावाच्या झाडाची, आणि तीही सगळ्या झाडाची नाही, फक्त बुंध्याच्या तळाची, जिथे खोड मुळांकडे वळतं. तिथे लाकडाच्या रेषाही वळतात, आणि ते वळण काठीच्या पात्याच्या वळणाशी जुळवून कापतात, म्हणून ती सहज तुटत नाही. रेषा सरळ असलेल्या लाकडातून पातं कोरलं तर दुसऱ्या फटक्याला निघून येतं. आयर्लंडमध्ये 2012 साली या झाडांवर बुरशीचा रोग सापडला आणि तेव्हापासून झाडं मरत आहेत. लाकूड बरंचसं बाहेरून येतं, काही जण बांबूच्या आणि कृत्रिम धाग्यांच्या काठ्या करू लागले आहेत. खेळाला चालतात त्या. पण पहिली काठी लाकडाचीच असू द्या, आणि रेषा कशा वळतात ते कारागिराला मुलासमोर दाखवायला सांगा. तो आनंदानं दाखवेल.

काठी तुटली की फेकू नका. त्याच माणसाकडे परत न्या, तो पत्र्याची पट्टी मारून देईल. आणि पहिल्या शनिवारी गाडीतून उतरताना तुमच्याही पायात चिखलाचे बूट असू द्या, मैदानाच्या कडेला मार्चपर्यंत घोट्याएवढा चिखल असतो.